कोपऱ्यातल्या संगणकाची किल्ली कुणाकडे?

(महिला केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दिलेलं व्याख्यान. नंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतले काही मुद्दे मजकुरातच घेतले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'तांत्रिक सत्र' असं छापलं आहे. जेवणानंतरची वेळ आणि त्यात तांत्रिक सत्र, म्हणजे तुमच्या सहनशक्तीची परीक्षाच! पण घाबरू नका. मी इंजिनिअर नाही. समाजकार्यात एम.ए. केलेली, तुमच्यासारखीच केंद्रावर बसणारी, अर्ज लिहिणारी, पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे आज मी संगणकाबद्दल बोलले तरी ते आपल्या कामाबद्दलच असेल.

सध्या आपल्यापैकी बऱ्याच केंद्रांना जुने संगणक देणगी म्हणून मिळताहेत. बँका, कंपन्या, शाळा, कुणाच्या मुलाचं ऑफिस असे ते येतात. आपण आभाराचं पत्र देतो, संगणक कोपऱ्यात ठेवतो आणि त्यावर कापड टाकतो. मधून मधून कुणीतरी म्हणतं, 'एकदा याचं काहीतरी करायला हवं.'

हे संगणक एकदम कुठून आले? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. मुदतवाढ घेतलेल्यांचा अपवाद सोडला, तर त्या दिवसानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींची डागडुजी होत नाही. पुढची आवृत्ती विंडोज ११. ती २०२१ साली आली, पण तिला संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. ढोबळपणे सांगायचं तर २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रं ती अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणून चालते-बोलते संगणक एका तारखेनंतर 'निकामी' ठरले. यंत्र धडधाकट आहे, पण ज्याच्या हातात किल्ली होती त्याने दार लावून घेतलं आहे.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? धडधाकट बाईला 'आता तुझा उपयोग नाही' म्हणून घराबाहेर काढणारी माणसं आपण रोज पाहतो. असो. यंत्राची आणि बाईची तुलना इथेच थांबवते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर जी सगळी व्यवस्था पाहते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. कीबोर्डवर काय दाबलं ते समजणं, कागद छापायला पाठवणं, फाइल जागेवर ठेवणं, कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवणं, ही सगळी तिची कामं. विंडोज ही त्यातली एक. ती एकमेव नाही, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा रस्ता खुल्या सॉफ्टवेअरचा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ साली 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कुठल्याही कामासाठी वापरता यावं, ते कसं चालतं ते उघडून पाहता यावं, त्यात बदल करता यावा आणि ते दुसऱ्याला देता यावं, अशी ही चार स्वातंत्र्यं आहेत. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने व्यवस्थेचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तोच लिनक्स. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. जात्यावरची ओवी कुणाच्या मालकीची असते? एका बाईने म्हटली, दुसरीने त्यात आपल्या सासरचं गाव घातलं, तिसरीने आपल्या भावाचं नाव घातलं आणि ती लेकीकडे गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या इतक्या उरल्या, कारण म्हणायला, बदलायला आणि पुढे द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. खुलं सॉफ्टवेअर याच रीतीने वाढतं.

आपला संबंध काय?

पहिला मुद्दा कायद्याचा आहे, आणि तो आपण टाळतो. देणगीच्या संगणकात गल्लीतल्या दुकानातून 'विंडोज टाकून' घेतली जाते. ती बहुतेक वेळा चोरीची प्रत असते. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ ब पाहा. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा केंद्रावर कोण धाड घालणार? रशियातलं उदाहरण सांगते. सायबेरियात इर्कुत्स्क शहरात 'बैकल एन्व्हायरन्मेंटल वेव्ह' नावाची पर्यावरणवादी संघटना होती. बैकल सरोवराकाठचा कागद कारखाना पुन्हा सुरू करायला तिचा विरोध होता. जानेवारी २०१० मध्ये पोलीस आले आणि चोरीचं सॉफ्टवेअर असल्याच्या संशयावरून संगणक उचलून घेऊन गेले. आमचं सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं आहे, असं संघटना सांगत होती. तरी संगणक गेलेच. पुढे बराच गवगवा झाल्यावर त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने अशा संस्थांना मोफत परवाना देण्याचं जाहीर केलं. यात आपल्यासाठी धडा एवढाच आहे, की सत्तेला अडचणीचं काम करणाऱ्यांनी आपल्या घरात निमित्त पडू देऊ नये. खुल्या सॉफ्टवेअरची प्रत घेणं आणि देणं कायदेशीर आहे, त्यामुळे हे निमित्त मुळातच उरत नाही.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा आहे. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. आमच्या केंद्रावर एक बाई तक्रार सांगत होती. मी टाइप करत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, 'ताई, हे सगळं या डब्यात राहणार ना? मग हा डबा कोण कोण उघडतं?' प्रश्न साधा होता. तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ तालुक्यात संगणक दुरुस्त करतो, हे तिने नंतर सांगितलं.

केंद्राचा संगणक बंद पडला की आपण तो उचलून दुकानात देतो. आत काय असतं? कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, बाई सध्या कुठे राहते तो पत्ता, तिच्या माहेरचा फोन, वैद्यकीय कागद, मुलांच्या शाळेचं नाव. कपाटाला आपण कुलूप लावतो आणि किल्ली कमरेला ठेवतो. तीच माहिती डब्यात घालून दोन दिवस परक्याच्या टेबलावर सोडून येतो. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या चांगुलपणावर एखाद्या बाईचा जीव टांगलेला नसावा, एवढंच म्हणते.

तिसरा मुद्दा अवलंबून राहण्याचा. केंद्रावर सगळं बायका करतात, पण संगणक अडला की 'अमक्याच्या भावाला बोलवा'. तो येतो, पाच मिनिटं काहीतरी करतो, काय केलं ते सांगत नाही आणि जातो. पासवर्डही त्यालाच ठाऊक असतो. ही किल्ली आपल्या हाती आली पाहिजे.

कोणतं लिनक्स?

लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत. नव्या माणसाने यादी पाहिली, तर साडीच्या दुकानात गेल्यासारखं होतं. तासभर सगळं उलगडायचं आणि काहीच न घेता परत यायचं. म्हणून मी चारच नावं सांगते.

उबुंटू सर्वांत जास्त ऐकिवात आहे. उत्तम आहे, मदत भरपूर मिळते. पण त्याची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी आहे आणि जुन्या यंत्राला ते जड जातं. झोरिन दिसायला विंडोजच्या जवळ आहे. त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे, वरची विकत. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय भाषांवर भर देणारी प्रणाली केली आहे. पण रात्री आठ वाजता एखादी गोष्ट अडली, तर उत्तर शोधायला सोपं काय, हेही पाहावं लागतं.

चौथं नाव लिनक्स मिंट, आणि जुन्या जादा संगणकासाठी माझं मत त्यालाच आहे. ते उबुंटूच्या पायावर उभं आहे, म्हणून उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक मदत त्यालाही लागू पडते. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरलेल्या बाईचा हात आपोआप योग्य जागी जातो. लिहायला लिबरऑफिस आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स त्यात आधीपासून असतं. मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत. सिनेमन देखणी, मेट मधली, एक्सएफसीई सगळ्यात हलकी. जुन्या यंत्रावर एक्सएफसीई घ्या. २०२४ साली आलेल्या मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळत राहणार आहे.

मिंट निवडण्यामागे आपल्या कामातलं एक खास कारणही आहे. त्यात 'पाहुणा' म्हणून प्रवेश देण्याची सोय आहे. ती आधी बंद असते, लॉगिनच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. केंद्रावर आलेल्या बाईने पाहुणी म्हणून संगणक वापरला, आपली मेल पाहिली, अर्ज टाइप करून छापून घेतला आणि ती बाहेर पडली, की त्या बैठकीतल्या फाइली आणि ब्राउझरच्या खुणा पुसल्या जातात. मागून येणाऱ्या बाईला तिचं काही दिसत नाही.

आता यंत्राकडे पाहा. मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होतं. डिस्कवर किमान २० जीबी जागा हवी, १०० असली तर उत्तम. यंत्र ६४ बिटचं हवं. ३२ बिटच्या फार जुन्या यंत्रांची साथ बहुतेकांनी सोडली आहे. अशी देणगी आली तर नम्रपणे 'नको' म्हणा. दुसऱ्याच्या भंगाराची विल्हेवाट लावणं हे आपलं काम नाही. आणि थोडे पैसे खर्च करायचेच असतील, तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जुन्या यंत्राच्या वेगात तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आधी चालवून पाहा

लिनक्सची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते बसवण्याआधी चालवून पाहता येतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्या. विंडोजच्या संगणकावर 'रूफस' किंवा 'एचर' या मोफत साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं, म्हणून तो रिकामा घ्या.

उतरवलेली फाइल खरी आहे का, हे तपासायची रीत त्याच संकेतस्थळावर दिलेली आहे. ती पायरी गाळू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर घुसखोरी होऊन काही काळ लोकांना बनावट फाइलकडे वळवलं गेलं होतं. त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं आणि लोकांना सावध केलं. पण तपासणी का करायची ते यावरून कळतं.

मग जुन्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावायचा, सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबायची आणि पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला सांगायचं. मिंट पडद्यावर येतं. अजून डिस्कला हात लागलेला नाही. आता सावकाश बघा. वाय-फाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर चालतो का? ऑनलाइन सुनावणीसाठी कॅमेरा चालतो का? दोन-तीन दिवस असंच वापरा. पटलं तर पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' चिन्हावर जा. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढा, सगळं पूर्वीसारखं.

बसवताना दोन गोष्टी पाळा. डिस्कवर हवं असलेलं काही असेल तर आधी दुसरीकडे घ्या, कारण पूर्ण डिस्क पुसली जाते. आणि बसवण्याच्या वेळी प्रगत पर्यायांत डिस्क 'एन्क्रिप्ट' करायची सोय असते, ती निवडा. मग पासवर्डशिवाय डिस्कवरचं कुणालाही वाचता येत नाही. संगणक चोरीला जावो, नाहीतर बंद अवस्थेत दुरुस्तीला. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर या एका खुणेत आहे. मात्र हा पासवर्ड विसरलात तर डिस्कवरची माहिती गेली, ती कुणीही परत आणून देणार नाही. म्हणून तो कागदावर लिहून बंद पाकिटात, कुलपाच्या कपाटात ठेवा. आणि कामाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या, तीही कुलूपबंद केलेल्या डिस्कवर हवीच.

मराठीचं काय?

मराठी उत्तम चालते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्टही मिळतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची मांडणीही. मी नव्या मुलींना इनस्क्रिप्ट शिकवते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्या तो लवकर उचलतात, कारण 'ख' साठी इंग्रजी अक्षरं आठवावी लागत नाहीत. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांचे मेनूही मराठीत करून घेता येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा सुबक फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतो.

अडचण येते ती आपल्या जुन्या फाइलींची. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेले ठराव, अहवाल, पत्रकं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. हा दोष लिनक्सचा नाही, विंडोजवरही तसंच होतं. ही कागदपत्रं युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात आणि नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात, कारण जोडाक्षरं घसरतात. काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या चळवळीचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास त्या फाइलींत अडकला आहे. जादा संगणकावरचं पहिलं काम म्हणून हेच घ्या.

काय जमत नाही?

आता उणी बाजू. हिशेबाचं टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, लिनक्सवर ते सरळ चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन काही कंपन्यांचं चालतं, काहींचं त्रास देतं. काही सरकारी पीडीएफ फॉर्म नीट उघडत नाहीत. काही प्रिंटर लावताक्षणी चालतात, तर काहींच्या मागे दिवस जातो. म्हणून हिशेबनिसाचा संगणक आहे तसाच, रीतसर परवान्यावर राहू द्या. मी बोलते आहे ते जादा संगणकाबद्दल. अर्ज लिहिणं, पत्रव्यवहार, ई-मेल, मुलींना शिकवणं, जुनी कागदपत्रं जपणं, एवढं त्यावर निर्वेध होतं.

आणखी एक भ्रम नको. लिनक्स घातलं म्हणजे बाई सुरक्षित झाली असं नाही. नवऱ्याच्या हाती तिचा मोबाइल असेल, तिच्या मेलचा पासवर्ड त्याला माहीत असेल, तर आपल्या संगणकाची कडी-कुलपं तिला उपयोगाची नाहीत. तिच्याशी मोबाइलबद्दल वेगळं बोलावंच लागतं. आपला संगणक एवढंच करू शकतो, की ती आपल्याकडे आली तेव्हा तिने सांगितलेलं आपल्याकडून बाहेर जाणार नाही.

हे बायकांना जमेल का?

हा प्रश्न दरवेळी येतो, आणि बहुतेकदा बायकाच विचारतात. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकाचे प्रोग्रॅम रचणाऱ्या सहा जणी होत्या, सगळ्या बायका. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जाई. ते प्रतिष्ठेचं आणि पैशाचं झालं, तसं ते पुरुषांचं झालं. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. घरी स्वयंपाक बाईचा आणि लग्नातला आचारी पुरुष!

खुल्या सॉफ्टवेअरचं जगही याला अपवाद नव्हतं. तिथेही बायकांना हिणवलं गेलं. म्हणूनच 'लिनक्सचिक्स' आणि २००४ साली 'डेबियन विमेन' असे बायकांचे गट उभे राहिले. नवखीने विचारलेला कुठलाही प्रश्न मूर्खपणाचा नसतो, असं वातावरण त्यांना हवं होतं. आणि जमण्याचंच म्हणाल, तर केरळातल्या सरकारी शाळांत मुली-मुलगे जवळजवळ वीस वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आले आहेत.

तेव्हा परत गेल्यावर काय करायचं ते सांगते. प्रत्येक केंद्राने दोघी जणी निवडा. एकच नको, कारण एकटीच्या हातात ज्ञान गेलं की पुन्हा नवा 'अमक्याचा भाऊ' तयार होतो. दोघींपैकी एक तरी दहावीच्या पुढे न शिकलेली असावी. तिला जे कळेल ते केंद्रातल्या सगळ्यांना कळेल. एक वही करा. संगणक कधी बसवला, कुणी काय बदललं, काय अडलं आणि कसं सुटलं, ते सगळं मराठीत लिहा. कपाटाच्या किल्ल्यांची नोंद ठेवता तशीच पासवर्ड कुणाकडे आहे याची नोंद ठेवा, आणि ती कार्यकर्ती काम सोडून गेली की पासवर्ड बदला. पुढच्या बैठकीत ती वही घेऊन या.

मी सोबत सहा पेन ड्राइव्ह आणले आहेत. मागच्या टेबलावर तीन जुने संगणक मांडले आहेत, तिन्हीत अजून काही घातलेलं नाही. चहानंतर तिथे या. माउस मी धरणार नाही, तो तुम्ही धरायचा.